माझ्या पोटाचं केळवण

॥ श्री ॥

द्वारका, नवी दिल्ली
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप अलकाताईस,

बाळचा साष्टांग नमस्कार. (या खेपेस खरोखरच साष्टांग. पूर्वी मी पालथा पडलो की मधला भाग तेवढा जमिनीला टेकायचा आणि उरलेली अंगं अधांतरी राहायची. आता सगळी टेकतात, काल करून पाहिलं.) मिरजेत सारं क्षेमकुशल असेल असं धरून चालतो, कारण विचारायला फोन केला तर तू उचलत नाहीस. दाजी उचलतात, पण ते 'ती देवळात गेलीये' एवढंच सांगतात, आणि मागून तुझाच आवाज येतो, 'सांगा, देवळात गेलीये.' गणपतीपासून तू देवळातच आहेस. तुझा गुडघा कसा आहे, दाजींचं बीपी कसं आहे, तनया सासरी रमली का, हे सगळं त्यामुळे कागदावर विचारतोय. पत्र तरी तू फाडणार नाहीस, आधी वाचशील. निदान पोस्टमनसमोर तरी.

पहिली गोष्ट, मी दुसरं लग्न करत नाहीये. आमच्या महाराष्ट्र मंडळाने गणपतीत वर्षभराचे फोटो ग्रुपवर टाकले, त्यात मी पाटापुढे खुर्ची टाकून बसलोय, ताटाभोवती रांगोळी आहे, डोक्यावर फेटा आहे आणि खाली 'केळवण' असं लिहिलंय. तो फोटो फिरत फिरत मिरजेपर्यंत आला आणि दाजींनी फोन करून खालच्या आवाजात विचारलं, 'नीरजा सध्या कुठे असते?' फोन नेमका नीरजानेच घेतला होता. तिने एका दमात सांगून टाकलं की यांचं लग्न नव्हतं, पोटाचं ऑपरेशन होतं, ते होऊन दोन-अडीच महिने झाले, आणि ताईंना सांगायचं राहिलं. (राहिलं, असं तिने माझ्यावर दया येऊन सांगितलं. राहिलं नव्हतं, ठेवलं होतं.) तेव्हापासून तू देवळात आहेस. तुला राग येणं बरोबरच आहे. फक्त झालं काय ते माझ्या तोंडून ऐक, आणि मग पुन्हा देवळात जा.

सुरुवात तुमच्याकडच्या मंगल कार्यालयात झाली. तनयाचं लग्न, मुहूर्त गाठत आलेला, भटजी 'मामा, मुलीला आणा' म्हणून ओरडताहेत, आणि मुलगी वरच्या मजल्यावर. मी जिना चढलो. चढलो म्हणजे अर्धा चढलो आणि कठड्याला धरून उभा राहिलो. शेवटी शालू सावरत तनयाच खाली आली, तिने माझ्या काखेत हात घातला आणि नवरीने मामाला मंडपात आणलं. सगळे हसले. मीही हसलो. तूही हसलीस, पण मग पदराने नाक पुसत दुसरीकडे बघायला लागलीस, ते मी पाहिलं होतं. अल्बममध्ये अंतरपाटाच्या वेळचा फोटो आहे ना, त्यात नवरी दिसतच नाही, नुसता मामा दिसतो. व्याह्यांनी तो फ्रेम करून लावला असेल तर कृपा करून काढायला सांग.

दिल्लीला परत आल्यावर आणखी एक प्रकार झाला. मंत्रालयातल्या मीटिंगमध्ये जॉइंट सेक्रेटरी बोलत असताना मी झोपलो. झोपण्याचं कुणाला काही नाही, सरकारी खात्यात ती सोय असते. पण मी घोरलो, आणि जॉइंट सेक्रेटरींना वाटलं की बाहेर जनरेटर सुरू झाला, म्हणून त्यांनी खिडकी बंद करायला सांगितली. शुगर होतीच, गुडघे होतेच. नीरजा मला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर खुराना म्हणून एक हसतमुख गृहस्थ आहेत, त्यांनी चित्र काढून समजावलं की पोटाचा मोठा भाग कापून काढायचा आणि केळ्याएवढी नळी तेवढी ठेवायची. मी विचारलं, केळं वसईचं की जळगावचं? नीरजाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

ऑपरेशनच्या आधी मानसोपचारवाल्या बाईंना भेटावं लागतं. त्या फार गोड होत्या. त्यांनी विचारलं, 'आप दुखी होते हैं तो खाते हैं?' मी म्हटलं, मॅडम, दुखी होने का टाइम ही नहीं मिलता, बीच में खाना आ जाता है. मग त्यांनी विचारलं की लहानपणी जेवायला कोण वाढायचं. मी तुझं नाव सांगितलं. आईची ती लांबची आजारपणं, आणि तू परकराचा ओचा खोचून चुलीशी उभी, हेही सांगितलं. त्या बराच वेळ लिहीत होत्या. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण कागदाच्या वर 'सिस्टर' असं लिहून खाली रेघ ओढली होती. तेव्हा ताई, सफदरजंगच्या पलीकडे त्या हॉस्पिटलातल्या कुठल्यातरी कपाटात तुझी केस तयार आहे.

आता केळवण. याला मी जबाबदार नाही, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधल्या अरुणावहिनी जबाबदार आहेत. (त्यांचे यजमान माझ्याच सेक्शनला.) त्यांना नीरजाकडून कळलं की ऑपरेशननंतर यांना जन्मभर नीट जेवता येणार नाही, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाल्या, मग एकदा आमच्याकडे मनसोक्त जेवून जा. पुरणपोळ्या केल्या, रांगोळी काढली, औक्षण केलं. हे मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब यांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, हे तर केळवणच झालं, मग आमच्याकडे का नाही? मग फेटा आला. त्यानंतर मला काही आवरता आलं नाही. सोलापूरच्या शेखवहिनींनी बिर्याणी आणि शेंगाचटणी केली, एका कोल्हापूरकरांनी तांबडा-पांढरा केला, आमच्या सोसायटीतल्या पंजाबी शेजारणीला केळवण म्हणजे काय ते नीट कळलं नव्हतं, पण जेवायला घालायचं एवढं कळलं, तेव्हा तिने छोले-भटूरे पाठवले आणि वर 'भाईसाहब, ऑल द बेस्ट' म्हणून गाजर हलवा. प्रत्येकाकडे आहेर. आहेर म्हणजे शर्ट. सगळे माझ्या त्या वेळच्या मापाचे, मुद्दाम दुकानात सांगून मागवलेले.

यात गोम अशी होती, ताई, की त्याच पंधरवड्यात मी फक्त पातळ पदार्थ घ्यायचे होते. ताक, सूप, डाळीचं पाणी. लिव्हरवरची चरबी उतरावी म्हणून. हे डॉक्टरांनी बजावलं होतं आणि मी मानही डोलावली होती. पण माणसं इतक्या प्रेमाने पाटावर (खुर्चीवर) बसवून कुंकू लावताहेत आणि तिथे मी 'मला डाळीचं पाणी द्या' म्हणू? आपल्या घरात कुणी शिकवलंय का ते? आमसुलाचं सार आणि कढी मात्र मी नियमाने पीत होतो, ते पातळच असतं.

भरतीच्या दिवशी काट्यावर उभा राहिलो. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, मग मागच्या कागदाकडे, मग मला उतरवून पुन्हा चढवलं. वजन वाढलं होतं. सोनोग्राफीत लिव्हर तुडुंब. त्यांनी विचारलं, झालं काय? नीरजाने रागारागाने सगळं हिंदीत सांगितलं, की हमारे में शादी से पहले खिलाते हैं. डॉक्टर म्हणाले, 'पर शादी किसकी थी?' मग शांतपणे म्हणाले, 'सर, आप सर्जरी कराने आए हैं या बिदाई?' आणि मला घरी पाठवून दिलं. असा मांडवातून परत आलेला नवरा सबंध दिल्लीत मी एकटाच असेन.

दुसऱ्या खेपेस नीरजाने माझा ताबा घेतला. भाऊसाहेबांना फोन करून सांगितलं की यांना कुणी साधा बत्तासा दिला तरी मी मंडळाचा राजीनामा देईन. (ती खजिनदार आहे, त्यामुळे ते घाबरले.) त्या दिवसांविषयी मी काही लिहीत नाही. एवढंच सांगतो की टीव्हीवर सिमेंटची जाहिरात लागली तरी मला ते पिठलं वाटायचं. मग आषाढात ऑपरेशन झालं. पोटावर चार-पाच भोकं, बाकी काही नाही. पहिले काही दिवस औषधाच्या झाकणाएवढ्या कपातून पाणी, तेही घोट घोट, मग सूप, मग वाटलेलं, आता मऊ जेवण. चार घास झाले की पोट 'पुरे' म्हणतं, आणि न ऐकलं तर सगळं परत करतं. हा शब्द इतकी वर्षं मी कुणाकडूनच ऐकला नव्हता, म्हणून सवय व्हायला वेळ लागतोय.

तब्येतीचं म्हणशील तर उत्तम. शुगरच्या गोळ्या जवळजवळ सुटल्या. रात्री नीरजा मध्येच उठून मला हलवून बघते, घोरत का नाही म्हणून. ब्लू लाइन मेट्रोत पूर्वी मी बसलो की शेजारची जागा आपोआप रिकामी राहायची, परवा एक हरियाणवी म्हातारा, इथे त्यांना ताऊ म्हणतात, म्हणाला, 'थोड़ा खिसक लो भाई, हो जाएगा,' आणि खरंच झालं. इतक्या वर्षांत दिल्लीत मला कुणी खिसकायला सांगितलं नव्हतं. सरोजिनी मार्केटमध्ये पूर्वी नीरजा कपडे बघायची आणि मी पिशव्या धरायचो, आता पोरं हात धरून 'अंकल, आपका साइज़ है' म्हणतात. मला भरून आलं. मी गरज नसताना दोन पँटी घेतल्या.

आता मुद्द्याचं. तुला का नाही सांगितलं? तू म्हणशील, सगळ्या दिल्लीला सांगितलं, शेजारच्या पंजाबिणीला सांगितलं आणि सख्ख्या बहिणीला नाही. खरं आहे. पण ताई, डॉक्टरांनी जे कापून टाकलं ते माझं थोडंच होतं? ते तू वाढवलेलं होतं. आई अंथरुणाला खिळलेली असताना, स्वतः शिळ्या भाकरीवर दिवस काढून, माझ्या ताटात गरम घालून घालून तू ते एवढं केलंस. ते काढून टाकू का, असं तुला कुठल्या तोंडाने विचारायचं? आणि विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, 'काही नको, मामा कसा भारदस्तच हवा,' आणि मी ते लगेच ऐकलं असतं. मला ऐकायचंच होतं. म्हणून विचारलं नाही. मला भीती वाटत होती, भुलीच्या सुईची नव्हे, तुझी. आणि तू बोलत नाहीस तेव्हापासून मला एकही घास गोड लागत नाही, तो केवढासाही असला तरी.

दाजींना नमस्कार. तनयाला आशीर्वाद, आणि सांग की तिच्या बारशाला, म्हणजे तिच्याकडच्या, मामा जिना चढून येईल.

तुझा,
बाळ
(सुधन्वा म्हणून सही करणार होतो, पण आता निम्मा झाल्यावर बाळच शोभतो.)

ता. क. १ : केळवणात आलेले शर्ट कोरे करकरीत पडून आहेत. दाजींच्या मापाचा अंदाज तनयाच्या लग्नातल्या फोटोंवरून घेतला. आत्ता ढगळ होतील, पण तुझा वाढायचा हात बघता दोन-तीन वर्षांत बरोबर बसतील. घेऊन येतो.

ता. क. २ : 'घेऊन येतो' असं वर लिहून गेलो, तर तेही सांगतो. हे सगळं पत्र खरं तर त्याच्यासाठीच आहे. भाऊबीजेसाठी निजामुद्दीनहून गाडी धरतोय. दार उघडशील ना? काही करू नकोस, अनारसे नकोत, बासुंदी नको. फक्त माळ्यावरचा आपला जुना पाट काढून ठेव. गेली कित्येक वर्षं मला खाली बसता येत नाही म्हणून तू खुर्ची टाकत होतीस, आणि तो दुखरा गुडघा घेऊन उभ्याने ओवाळत होतीस. या वर्षी मी पाटावर मांडी घालून बसणार आहे. खुर्चीवर तू बस. आणि ओवाळून झाल्यावर मेतकूट-तुपाचा मऊ भात, लहानपणी पहिला घास भरवायचीस तेवढाच. मला आता तेवढाच लागतो.

ता. क. ३ : ताई, मी नीरजा. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून दोन ओळी. ऑपरेशन झाल्यावर हे गुंगीत होते आणि सारखा हात आडवा धरून 'ताई बास, ताई बास' म्हणत होते. नर्सने विचारलं, ये किसको मना कर रहे हैं? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांनी तुम्हाला नको म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही शुद्धीत नसताना. शुद्धीवर असताना यांच्याच्याने ते होणार नाही. तुम्ही घासामागून घास पुढे केलेत तर हे गुपचूप खातील आणि मग आजारी पडतील. तेव्हा भाऊबीजेला पाटही काढा, भातही भरवा. पण एक घास झाला की 'बास' तेवढं तुम्हीच म्हणा.