साडेपाचनंतर आलेले पाकीट

"अगं आई, आधी जेवून घे. सही काय, उद्या सकाळीही होईल," असे म्हणून माझ्या मुलाने, अनुरागने, माझ्या हातातले पेन काढून घेतले. ते मी परत मिळवले आहे आणि लिहिते की मी, सिंधू विजयकुमार रणपिसे, वय ६४, निवृत्त तुरुंगाधिकारी, मूळ राहणार पुणे, हल्ली मुक्काम मुलाकडे, फुनाबोरी, टोकियो, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कुणाच्याही दबावाखाली न येता करते. दबाव आहे. मी त्याखाली आलेले नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास सुनेला विचारावे. तिच्या मते ती गरजेपेक्षा जास्त शाबूत आहे.

कलम १. बँकेत असेल ते नात मिताली, वय ९, हिला. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते आणि मला कळत नाही असे समजते. तेहतीस वर्षे माझ्यासमोर बायका असेच समजून बोलत. माझी ड्यूटीवरची शिटीही तिलाच. घरात वाजवू नये.

कलम २. पितळी कुलूप सून चैत्राली हिला. मी रोज संध्याकाळी सहाला दाराची साखळी लावते आणि माणसे मोजते, ही तिची तक्रार. "आई, तुम्ही आम्हाला खरंच मोजता का हो?" मोजते. चार असायला हवीत, दोन भरतात. माझ्याकडच्या बंदी बायका सहाला आत असत. इकडे ऑफिसात जाणाऱ्यांना तेवढी सवलत नसावी.

कलम ३. बढतीसाठी केलेल्या अकरा अर्जांची फाइल आमचे तेव्हाचे अधीक्षक लक्ष्मीकांतसाहेब यांना. उत्तरेही सोबत जोडली असती, पण ती आलीच नाहीत. त्यामुळे फाइल हलकी आहे, या वयात त्यांना उचलता येईल. तेहतीस वर्षांत मी श्रेणी दोनवरून श्रेणी एकवर गेले. महिला विभागात बंदी कमी, म्हणून अनुभव कमी, असा हिशेब होता. "सिंधूबाई, बायकांचा जेल म्हणजे बालवाडीच की!" असे साहेब म्हणत. बालवाडीला दिवाळीची सुट्टी असते, एवढे मी एकदा म्हटले. पुढच्या तीन दिवाळ्या माझी ड्यूटी लागली.

कलम ४. पुण्यातील एका खोलीचा फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला असून तो मी गीता वाघचौरे हिला देते.

अनुराग मागे उभा राहून वाचतो आहे. त्याला तो विकून इथे घर घ्यायचे आहे आणि गीताने दिवाळीपर्यंत तो सोडावा असे त्याचे म्हणणे आहे.

"ती फ्लॅट सांभाळते, ठीक आहे. पण आपली कोण लागते ती?"

"बंदी क्रमांक २१७."

"आई, जोक नकोत."

जोक नाही. गीता नवऱ्याच्या चोरीत आरोपी म्हणून आत आली. पुढे निर्दोष सुटली. तिच्या जामिनाचा कागद १४ ऑगस्ट २००९ रोजी आला. सुटकेच्या कागदांसाठी गेटवर पेटी असते. ती संध्याकाळी साडेपाचला शेवटची उघडायची. नंतर आलेला कागद दुसऱ्या दिवशीचा, असा नियम. गीताचे पाकीट सहा वाजून दहा मिनिटांनी आले. गेटची प्रभारी मी होते. तिची आई सरकारी दवाखान्यात शेवटच्या घटका मोजते आहे, हे मला माहीत होते. साहेबांना एक फोन केला असता तर कदाचित परवानगी मिळाली असती. पण तीनच दिवसांपूर्वी माझा अकरावा अर्ज बाजूला सारत ते म्हणाले होते, "नियम मला शिकवू नका, तुम्ही पाळा." विनंती करायचा मला कंटाळा आला होता. मी पाकिटावर वेळ टाकली आणि नियम पाळला.

तिची आई पहाटे गेली. सकाळी ध्वजवंदन झाले, त्यात मला काटेकोर नियमपालनाबद्दल प्रमाणपत्र मिळाले, टाळ्या झाल्या आणि सव्वानऊला गीता सुटली. कागद आत्ताच आला, असे मी तिला सांगितले. निवृत्त झाल्यावर तिला शोधून काढले. पोळ्या लाटायची कामे करत होती. इकडे येताना फ्लॅटची किल्ली तिच्या हातात दिली. ती मला देवमाणूस म्हणते. माझ्या पश्चात फ्लॅटच्या कागदांबरोबर हे कलम तिला वाचून दाखवावे.

"म्हणजे तू गेल्यावर मी सांगायचं?" अनुराग म्हणाला. "साडेपाचनंतर?"

मृत्युपत्रात उत्तर आवश्यक नसते. फ्लॅटबद्दल मात्र तो पुन्हा बोलला नाही.

कलम ५. सदर प्रमाणपत्र फ्रेमसह उद्या, सोमवारी, जाळायच्या कचऱ्यात द्यावे. या कलमासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

वरील मजकूर मी वाचला, मान्य केला आणि जेवणाआधी, दोघांच्या समक्ष सही केली.

सही: सिंधू विजयकुमार रणपिसे

साक्षीदार:
१. तेजश्री पंढरीनाथ सबनीस, शेजारीण. सोमवारचे काम रविवारी करत होती, ते अर्धे टाकून आली.
२. कोंदो-सान, इमारतीचे व्यवस्थापक. मजकूर कळला नाही, सही पाहिली, इकडच्या रीतीने सहीऐवजी शिक्का मारला, तोही सरळ. यांना आमच्या खात्यात बढती मिळाली असती.

स्थळ: फुनाबोरी, टोकियो. रविवार, ८ जून २०२५.

सोमवारची नोंद: सकाळी आठला कोंदो-साननी फ्रेम परत आणून दारात ठेवली. जाळायच्या कचऱ्यात काच चालत नाही, ती वेगळी करायची राहिली होती. ती केली. साडेनऊला, म्हणजे पुण्यात सहा वाजता, बराकी उघडायच्या वेळेला, मी गीताला फोन करून सगळे सांगितले. ती म्हणाली, "ठाऊक आहे, बाई. सुटताना पाहिलं होतं, वेळ टाकलेली होती पाकिटावर, तुमच्याच अक्षरात." मग म्हणाली, नळाला पाणी आलंय, नंतर करते. अजून फोन आलेला नाही. कलम ४ कायम.