सीट रोज दोन बोटं खाली

१० नोव्हेंबर, सोमवार

पडले! थांबलेल्या सायकलवरून पडले! राजारामपुरीत सिग्नलला उभी राहायला गेले, पॅडलला खटकन अडकणारा नवा बूट सुटेना, आणि मी सायकलसकट डावीकडे आडवी. समोर कोण? माझ्याच क्लासची निम्मी दहावी. एक कार्टं म्हणालं, "मॅडम, कोन किती अंशांचा झाला?" उद्या यांनाच भूमिती शिकवायची आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बाळासोंनी सायकलची पूजा केली. (नवऱ्याचं नाव फक्त इथं घेते. बाहेर "अहो".) चाकाखाली लिंबू, नारळ, हँडलला झेंडूचा हार – बुलेटची केली होती तशी साग्रसंगीत. हार चेनमध्ये गेला. तासभर पाकळ्या काढत बसले.

पूजा करून परत नावं ठेवायला मोकळे! "स्टँड न्हाई, कॅरिअर न्हाई, मडगार्ड न्हाई. निम्मी सायकल दुकानातच इसरलीस काय?" हँडल म्हणे मेंढ्याच्या शिंगासारखं आहे. तेवढं मात्र खरं आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुकानातला चिराग सायकल अंगाच्या मापात बसवून देतो. आज मला समोर उभी करून पाय, हात, खांदे सगळं मोजलं. ब्लाऊजला टेलरसुद्धा एवढी मापं घेत नाही. सीट वर केली, हँडल जवळ आणलं. बाळासो सोबत होते. चिराग सहज म्हणाला, "साहेब, तुमचं पण घेऊ काय माप?" बाळासो ताडकन म्हणाले, "माझं कशाला? मी बुलेटवाला!"

आमच्या घरी उंचीचा विषय काढायचा नसतो. मी यांच्यापेक्षा उंच आहे. पण आम्ही "सारखेच" आहोत असं लग्नापासून ठरलेलं आहे. म्हणून लग्नाच्या फोटोत मी खुर्चीवर बसलेय. नंतरच्याही सगळ्या फोटोंत बसलेय.

कळंब्याच्या तलावाला फेरी मारून आले. गुडघा अजिबात दुखला नाही! सीटच्या दांड्यावर नेलपॉलिशची लाल रेघ ओढून ठेवली. सीट इथंच पाहिजे. तेवीसला, रविवारी, मैत्रीण स्वप्नालीच्या सायकल ग्रुपबरोबर जयसिंगपूर, जवळपास चाळीस किलोमीटर. आजवर कुठंही गेले ती कुणाच्या तरी मागच्या सीटवर बसून. यावेळी स्वतःच्या पायांनी जाणार. जायचं म्हणजे जायचं!

१५ नोव्हेंबर, शनिवार

गुडघा ठणकतोय. बघते तर सीट रेघेच्या दोन बोटं खाली! बोल्ट सैल असणार. वर करून आवळला.

१६ नोव्हेंबर, रविवार

परत खाली. परत दोन बोटं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चिरागनं दांडा काढला, पुसला, बसवला. "मॅडम, वजनानं कधीकधी –" म्हणाला, आणि माझ्याकडे बघून गप्प बसला. बरं केलंस बाबा.

गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय. बाळासोंना आयतंच सापडलं. "म्हणून म्हणतोय, परत देऊन टाक. बुलेट हाय की दारात!"

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज ब्रेकच लागेना! उतारावरून सुसाट थेट म्हशींच्या कळपात. कशाला तरी घट्ट धरून थांबले. मालक ओरडला, "ओ ताई, शेपूट सोडा की तिचं!"

चिराग म्हणाला, ब्रेकच्या चकतीवर तेल आहे, कुणी घातलं? घरी विचारलं तर बाळासो शांतपणे म्हणाले, "मी घातलं. ब्रेक दाबला की करकरत हुता. गाडीला तेल लागतंयच की."

मी भांडले. नंतर मोरीत जाऊन रडले. खरंच रडले. एवढी एकच गोष्ट स्वतःसाठी मागितली होती, तीही अंगाला बसेना. जयसिंगपूर राहिलं. उद्या सायकल परत देणार.

तर बाळासो म्हणतात, "घाई कशाला? राहू दे की थोडं दिवस." परवा हेच तर परत दे म्हणत होते! या माणसाचं डोकं तपासून घ्यायला पाहिजे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सायकल परत द्यायची म्हणून दुपारीच क्लासमधून घरी आले. सायकल गायब! चोरी झाली म्हणून ओरडत तलावाच्या रस्त्याला लागले. तर समोरून माझं गुलाबी हेल्मेट येत होतं. हेल्मेटच्या खाली बाळासो!

"सरका! सरका की पावणं! थांबाय येत न्हाय!" असं गावाला ओरडत आले आणि माझ्यासमोर गवतात आडवे झाले.

"शिकलोच न्हाई गं कधी," पडल्या पडल्या म्हणाले. "पोरवयात डायरेक्ट बापाच्या फटफटीवर बसलो. मग लाजंनं कुणाला सांगितलंच न्हाई."

"मग आता कशाला?"

"तू निघालीस की जयसिंगपूरला. बुलेटवरनं मागनं आलो तर तुझ्या मैत्रिणी हसणार. आणि न्हाई आलो तर मी दिवसभर घरात करू काय?"

मी सीट बघितली. दोन बोटं खाली. "निदान परत वर करून ठेवायची तरी!"

"वर कशाला? आपण दोघं सारखंच की!"

हसू की रडू कळेना. रस्त्यात बसून हसले. गुडघा दुखेपर्यंत हसले.

२३ नोव्हेंबर, रविवार

चिरागनं काल ब्रेक नीट केला. सीट रेघेवर. जयसिंगपूरला गेले आणि आलेसुद्धा! गुडघा ठणठणीत. बाळासो दिवसभर दारात उभे होते म्हणे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बाळासो स्वतःहून माझ्याबरोबर दुकानात आले. चिरागला म्हणाले, "घे माप. खरं घे." त्यांना माझ्या सायकलपेक्षा एक साइज लहान लागली. लगेच घेतलीसुद्धा. दोन्ही सायकलींबरोबर फोटो काढायचा ठरला. मी सवयीनं खुर्ची मागितली, चिरागनं आणली. बाळासोंनी ती बाजूला सारली. "उभी ऱ्हा," म्हणाले.