सात हालीला सहा कलदार

जाफराबाद, मंगळवार संध्याकाळ

आजोबांनी आत्याच्या लग्नात सातशे कबूल केले आणि हातावर सहाशेच ठेवले, या रागापायी आत्या जन्मभर माहेरी आली न्हाई. आज जुन्या पेटीत लग्नाची यादी सापडली. त्यात साफ लिहिलंय, ‘सातशे हाली’. हाली म्हणजे आपल्या निजामी मुलखातला रुपया! आत्याचं सासर बुलढाण्याकडं, तिथं कलदार, म्हणजे इंग्रजांचा रुपया चालायचा, म्हणून आजोबांनी तेच दिले. सात हालीला सहा कलदार. म्हणजे सातशे हालीचे सहाशे कलदार, आजोबा बिलकुल बराबर. मी गणिताचा मास्तर, मला हे आधीच कसं सुचलं न्हाई? लगेच फोन लावला, फळ्यावर मांडावं तसं आत्याला समजावलं. सातला सहा. मंग ती म्हणाली, “बाबा बी हेच सांगत होते रे. मला वाटलं, बहाणा करून राह्यले.”