बिनछपराचा बंकर आणि उसनी नाडी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार (उभ्यानेच, डावा गुडघा वाकत नाही, कारण पुढे येईल). तुझी पाठ कशी आहे? भावोजी वेळेवर जेवतात ना? आता आधी माझी तक्रार ऐकून घे. भावोजींना चावतात म्हणून तू मोठ्या मनाने मला दिलेल्या बुटांनी भर किनाऱ्यावर, सभ्य माणसांदेखत, माझा घात केला. उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि आ वासून चालू लागला. पावलागणिक टाळी! आयुष्यात मला पडलेल्या टाळ्या त्या एवढ्याच, आणि त्याही नेमक्या मी हेरगिरीला निघालो असताना.

हेरगिरी अर्थात तुझीच आज्ञा. वहिनी जाऊन तीन वर्षं होतात न होतात तोच दादा कुण्या बाईबरोबर पडके बंकर बघत हिंडतो, त्याला समजाव, समजावता येत नसेल तर निदान डोळ्यांनी बघून ये, असं तू फोनवर म्हणालीस (फोन हातभर लांब धरूनही स्पष्ट ऐकू आलं). म्हणून रविवारी मी त्यांच्या सहलीत घुसलो. दादाला म्हटलं, हल्ली मला इतिहासाची ओढ लागली आहे. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. इतिहासात मी दोनदा नापास झालो तेव्हा निकाल आणायला तोच आला होता.

हे बंकर युद्धात, किनारा राखायला, तोफांसाठी बांधायला घेतलेले. बांधलेले नव्हेत, बांधायला घेतलेले. शत्रू आलाच नाही, युद्ध संपलं, आणि गवंडी थाप्या टाकून घरी गेले. तोफेचा ओटा आहे, तोफ नाही. भिंती आहेत, छप्पर नाही. एक जिना सरळ आभाळात जातो. (आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊससारखंच, फरक इतकाच की याचं उद्घाटन झालेलं नाही.) सहल नेणाऱ्या त्या ‘भूगोलाच्या बाई’. शाळेतून निवृत्त झाल्या तरी नाव सुटलेलं नाही. तू रंगवलंस तसं काही नाही गं. गळ्यात शिट्टी, खिशात खोकल्याच्या गोळ्या, आणि उशिरा येणाऱ्याकडे बघायची अशी नजर की माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला.

बाकी मंडळी डबे उघडून बसली तेव्हा ही दोघं त्या बिनछपराच्या बंकरात शिरली. शेजारी दारूगोळ्यासाठी खणायला घेतलेलं भुयार आहे (तेही अर्धवट, पुढे खडक लागला आणि खणणाऱ्यांनी त्याचं ऐकलं). त्याच्या भिंतीत एक झरोका. मी टाळ्या वाजू नयेत म्हणून बुटाचा तळ हाताने दाबून धरत रांगत आत गेलो आणि डोळा लावला. दोघं टेपने भिंत मोजत होती. आणि ताई, दादा हसत होता. पाहुण्यांसमोर हसतो तसा नव्हे. लहानपणी नाकातून दूध येईपर्यंत हसायचा, तसा.

“ताईंना विचारलंत?” बाई म्हणाल्या.

“धीर होत नाही. ती नको म्हणाली तर मी लग्न करणार नाही.”

“मग टेप सोडा आणि आधी त्यांना विचारा. अर्धवट बांधकामं मी दर रविवारी बघते, तेवढी पुरेत.”

इथे मला खोकला आला.

“ये बाहेर,” दादा भिंतीला म्हणाला. “हा खोकला तू पाळण्यात होतास तेव्हापासून ओळखतो.”

“इतिहास बघतोय,” मी आतून.

“इतिहास इकडे आहे. तिकडे वटवाघळं आहेत.”

झरोक्यातून एक खोकल्याची गोळी आत आली. मी ती घेतली, वळायला गेलो आणि डावा गुडघा खडकात अडकला. दादाने पाय ओढले, बाईंनी शिट्टी फुंकली, आणि मंडळी डबे हातात घेऊन बघायला आली. बाहेर आल्यावर बाईंनी माझा बूट पाहिला, स्वतःच्या बुटाची नाडी काढली आणि माझा तळ आवळून बांधला. स्वतः सुतळी ओवून वाळूतून पाय ओढत परत आल्या. मला कुणी पाठवलं हे त्यांनी विचारलंदेखील नाही. “ताईंना काय कळवणार?” एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, “बूट वाईट होते, असं.”

तर अहवाल असा, की बाईंमध्ये मला एकच गंभीर दोष आढळला. शिट्टी.

भावोजींना नमस्कार. बुटांबद्दल त्यांना काही बोलू नकोस.

तुझा, रंगेहाथ पकडला गेलेला
धाकटा

ता. क. दादा तुला लिहिणार आहे, पण तो मायना लिहून थांबतो हे तुला माहीत आहे. नोंदणी कार्यालयात साक्षीदार लागतात. आमच्याकडून एक मी. दुसऱ्या जागेसाठी त्याने अजून कुणालाच विचारलेलं नाही, विचारायचं कुणाला ते तुला सांगायला नको. तू नको म्हणालीस तर तो खरंच थांबेल, आणि तसाच बिनछपराचा राहील. ये. पाठीला उशी मी आणतो.

ता. ता. क. काल नाडी द्यायला दादाकडे गेलो. दाराबाहेर बाईंचे बूट होते, उजव्यात अजून सुतळीच. आतून भांड्यांचा आवाज, आणि आमटीत मीठ कुणी दोनदा घातलं यावर वाद. मी डावा पाय लांब करून पायरीवर बसलो, सुतळी काढली, नाडी ओवली, नीट गाठ मारली, आणि बेल न वाजवता परत आलो.