कवळ्यांचा कप्पा

३ तारीख, सोमवार
रुजू झाले! कवळ्या बनवायचा कारखाना, आणि मी तिथली संगणकवाली. रुग्णांच्या तोंडांची स्कॅन केलेली चित्रं एका कप्प्यात असतात, त्याला सबव्हॉल्यूम म्हणायचं. रोज दुपारी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची हुबेहूब नक्कल, घ्यायचा आणि कालच्यापेक्षा जेवढं बदललं तेवढंच दुसऱ्या डिस्कवर पाठवायचं. काम सोपं, पण वास! ओल्या प्लास्टरचा, आणि दुरुस्तीला आलेल्या न धुतलेल्या कवळ्यांचा. पॉलिशवाले काका त्याच टेबलावर डबा खातात. म्हणाले, होईल गं सवय, पोरी. मी माझा डबा उघडलाच नाही.

४, मंगळवार
कप्प्यात एक बिननावाचं चित्र सापडलं. नुसत्या हिरड्या, गांडुळासारख्या ओल्या गुलाबी, दात एकही नाही. मालकीणबाई म्हणाल्या, असेल कुणाचं तरी, पुसू नकोस बाई, गिऱ्हाईक आलं तर माझ्या अंगाशी येईल.

६, गुरुवार
आज कुणीच काही स्कॅन केलं नाही, तरी फरक निघाला. त्याच चित्रात एक दात. खालची डावी दाढ, काळी चांदी भरलेली. हुबेहूब माझी. शी! जेवताना जीभ फिरवली तर माझ्या दाढेच्या जागी मऊ खड्डा. ना दुखलं, ना रक्त आलं.

१०, सोमवार
त्याला चार दात. माझे चार कमी. तोंडाला पुवाचा वास येतो, माझी मलाच किळस वाटते. काका आता डबा घेऊन बाहेर बसतात.

१२, बुधवार
त्याला अकरा. बस्स झालं! पहिल्या दिवसाचा स्नॅपशॉट परत आणला. तेव्हा माझे सगळे शाबूत होते. आज्ञा बिनतक्रार चालली. तासाभरात तोंडात शिवशिवायला लागलं. येताहेत!

१३
चूक माझीच. चालू कप्पा आधी बाजूला सरकवायचा असतो, मग त्याच्या जागी जुना आणायचा. मी सरकवलाच नाही. जुना चालूच्या आत जाऊन बसला. कप्प्यात कप्पा.
आणि दात — जागेवर नाहीत. टाळूला. जिभेखाली. त्यांच्याभोवती हिरड्या — ओठ — माझ्या तोंडात दुसरं तोंड. चिकट. उघडमीट करतंय.

१३, दुपार
काका विचारायला आले. मी ओठ घट्ट मिटलेले. उत्तर आतल्या तोंडानंच दिलं — माझ्या आवाजात — काही नाही हो काका, ठीक आहे मी. ते गेले.
आतला कप्पा पुसायची आज्ञा दिली. पडदा म्हणतो, कप्पा वापरात आहे, पुसता येत नाही.
पुन्हा दिली. वापरात आहे.
चावतंय — जीभ — अर्धी गेली — चघळतंय आणि चव मात्र मला लाग