भुईकाटा आणि हद्दूचा हिस्सा

अल्लाहच्या नावाने, ज्याने दिले आणि जो परत घेणार आहे.

लिहून ठेवते मी, तूदा बिन्त आक्का, बेन्नासरची विधवा, वय ओळखपत्राप्रमाणे एकाहत्तर, धंदा गुरे पोसणे व विकणे, राहणार आइत बूमझिल, ऊल्मेसचे पठार. माझे यकृत निकामी झाले आहे असे रबातच्या डॉक्टरांचे मत आहे. डोके ठिकाणावर आहे असे माझे मत आहे, आणि सी लार्बींनी मला उलटसुलट प्रश्न विचारून त्याची खात्री करून घेतली आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि काझीच्या कचेरीतले शपथबद्ध लेखनिक सी लार्बी लिहून घेतात. मृत्युपत्रात कहाण्या घालत नसतात, असे ते मघाशी म्हणाले. मी म्हटले, "सी लार्बी, कहाणी काढून टाकली तर माझ्यापाशी वाटण्यासारखं फार थोडं उरतं." तेव्हा त्यांनी पुन्हा लेखणी उचलली.

कलम पहिले. मला बेन्नासरच्या शेजारी, ओकाच्या झाडाखाली पुरावे. जेवण साधे असावे, कुसकुस आणि ताक. माझ्या जेवणासाठी माझ्या गोठ्यातले जनावर कापू नये. ज्यांना मी हाताने सातू चारला त्यांना शहराने खावे, माझ्या माणसांनी नको.

कलम दुसरे. घर, वरचे शेत आणि ओढ्याकडची पडीक जमीन शरियतप्रमाणे माझ्या दोन मुलांना जावी. मुलगा हद्दू याला दोन वाटे, मुलगी रकिया हिला एक. हद्दूचा वाटा कमी कर, असे मला वाडीतल्या बायकांनी पुष्कळदा सुचवले. मी तो कमी केलेला नाही. अल्लाहने ठरवलेल्या वाट्यात मी माझा राग मिसळणार नाही. राग वेगळा ठेवते, तो पुढे येईल.

तिन्ही गायी व त्यांची वासरे मी हयातीतच रकियाला बक्षीस दिली आहेत. नवऱ्याने टाकून परत धाडल्यापासून गोठा तिनेच सांभाळला. त्यांवर कोणी हात टाकू नये.

कलम तिसरे, माझ्या नवऱ्याबद्दल. यात द्यायचे काही नाही, पण याशिवाय पुढचे समजणार नाही.

बेन्नासर एक तांबूस बैल घेऊन खालच्या मंगळवारच्या बाजारात गेला होता. तिथे तेव्हा गुरांचा व्यापारी हाज कद्दूर याचा शब्द चाले, अजूनही चालतो. त्याची रीत अशी: पहिला व्यापारी येऊन एक भाव बोलतो आणि निघून जातो. मग दुसरा येतो, तो त्याहून कमी बोलतो. तिसरा आणखी कमी. सगळे एकाच तंबूत चहा पिणारे. ऊन डोक्यावर आले की विकणाऱ्याला वाटू लागते, आपल्याच जनावरात खोट असेल. बेन्नासरला ही रीत ठाऊक होती. त्याने दावे सोडले नाही. दिवस कलताना त्याने बैल पुन्हा ट्रकमध्ये चढवला आणि स्वतः मागे बैलाजवळ उभा राहिला, कारण बैल बिथरला होता. नदीवरच्या वळणावर ट्रक उलटला. बैल उठून उभा राहिला. बेन्नासर उठला नाही.

तिसऱ्या दिवशी हाज कद्दूर दुखवट्याला आला. त्याने डोळे पुसले, तेही मी पाहिले. जेवला. हात धुता धुता मला म्हणाला, "वहिनी, ते अपशकुनी जनावर दारात कशाला ठेवता? मी घेऊन जातो, तुमचं ओझं हलकं होईल." आणि त्याने जो आकडा सांगितला तो मंगळवारच्या आकड्याहूनही खाली होता.

मी म्हटले, "हाज, आज तुम्ही माझ्या घरी पाहुणे आहात. भावाचं नंतर बघू."

नंतर मी त्याला तो बैल दाखवलाच नाही. मेकनेसला घेऊन गेले. तिथे अब्देन्नबी नावाचा खाटीक होता, अल्लाह त्याच्यावर दया करो. त्याने बैल कत्तलखान्याच्या काट्यावर चढवला आणि किलोमागे भाव दिला. बेन्नासर मनात जो आकडा धरून बसला होता, जवळजवळ तोच निघाला. अब्देन्नबी म्हणाला, "बाई, डोळ्यानं विकणारा नेहमी घेणाऱ्याच्या डोळ्यानं विकतो." फाटकाशी मी दावे त्याच्या माणसाच्या हातात दिले. बैलाने माझा आवाज ओळखून मान वळवली. मी वळले नाही. वळले असते तर विकला नसता, आणि विकला नसता तर लेकरांना काय घातले असते. परतीच्या बसमध्ये बेन्नासरसाठी मी पहिल्यांदा रडले; तोवर सवडच झाली नव्हती.

कलम चौथे. अंगणातला भुईकाटा, त्याखालची जागा, लगतची विहीर आणि छपरी हे सर्व आइत बूमझिलच्या सर्व गुरे पाळणाऱ्यांना, कायमचे, धर्मादाय. जनावर तोलण्याचे पैसे कोणी घेऊ नयेत. तोलण्याआधी मीठ चारून पाणी पाजू नये. आपल्याला रास्त भाव हवा असेल तर आपले वजनही रास्त हवे.

हा काटा मी एका मोडीत निघालेल्या मोठ्या मळ्यातून घेतला. त्यापायी माझ्या लग्नातली चांदी गेली. काही वर्षे वाडीतले सगळे जण बाजाराच्या आदल्या दिवशी जनावर इथे तोलून, चिठ्ठी घेऊन जात. भाव फार वाढला असे नाही. काट्याने वजन कळते, भाव ठरत नाही. पण ऊन डोक्यावर आले तरी माणसाला आपल्या जनावरात खोट वाटत नसे, एवढे झाले.

सी लार्बी म्हणतात की हे सारे मिळून माझ्या मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरते, आणि मृत्युपत्राने धर्मादाय तेवढेच देता येते, म्हणून दोन्ही वारसांची संमती लागेल. रकियाने दिली आहे. हद्दूला निरोप धाडला आहे. तो येईल की नाही मला ठाऊक नाही.

कलम पाचवे, माझ्या मुलाबद्दल.

बाप गेला तेव्हा हद्दू नुकता मिसरूड फुटलेला होता. वर्ष सरले आणि तो हाज कद्दूरकडे कामाला लागला. मी विचारले, सगळ्या पठारावर तुला तोच माणूस सापडला? तो म्हणाला, "आई, बाजारात बाजू दोनच. बाबा ज्या बाजूला उभे होते तिथं मला उभं राहायचं नाही." पुढे त्याने कद्दूरची मुलगी केली. लग्नाला मी गेले, हसले, बायकांबरोबर जिभेने यू-यू असा आनंदाचा घोष करून गायलेही.

मग तीन वर्षांपूर्वीचा दुष्काळ आला. पेंढा मिळेना, सातू सोन्याच्या भावाने. ज्याच्या त्याच्या दावणीची जनावरे एकाच वेळी बाजारात उतरली. मी माझे दोन बैल तोलले, चिठ्ठी घेतली आणि मंगळवारी गेले. कोणी जवळ येईना. दुपारी हद्दू आला. मला वाटले, पाणी घेऊन आला. तो चार लोकांदेखत बैलांच्या पाठीवरून हात फिरवू लागला. मी चिठ्ठी पुढे केली. त्याने ती वाचली आणि मोठ्याने म्हणाला, "हा काटा जुना झालाय. खोटं वजन दाखवतो. या जनावरांत एवढं मांस नाही." आणि खूप खालचे वजन सांगून त्यावर भाव केला.

मी विकले. घरी चारायला काही नव्हते. दावे माझ्या हातातून त्याने स्वतः घेतले.

बैल गेले त्याचे दुःख मी बाळगत नाही, ते जाण्यासाठीच वाढवले होते. पण त्या दिवसापासून माझ्या काट्यावर कोणी जनावर चढवले नाही. पोटचा पोरगाच खोटा म्हणतो तर काटा खोटाच असणार, असे लोक म्हणाले. वजनमापे खात्याचा माणूस येऊन तपासून गेला, शिक्का मारून गेला, तरी कोणी आले नाही. आता मी लोकांना जी वस्तू ठेवून जाते आहे तिच्यावर लोकांचाच भरवसा नाही. हे मला ठाऊक आहे, तरी ठेवते.

कलम सहावे. मरणाऱ्याने सर्वांना माफ करावे अशी आपली रीत आहे. हाज कद्दूरने माझ्याकडून जे कमी भावात नेले ते मी माफ करते. बेन्नासरचे जे नेले ते माफ करणे माझ्या हातात नाही. ते दोघे वर एकमेकांचे बघून घेतील.

इथवर लिहून झाले तेव्हा हद्दू आला. म्हणून पुढचे कलम नाही, घडले तसे आहे. सी लार्बी म्हणाले, संमतीची नोंद करायची तर ती कशी झाली तेही नोंदवता येईल.

हद्दू उंबऱ्यातच बसला. केस कानांवर पांढरे झाले आहेत. सी लार्बींनी त्याला सर्व कलमे वाचून दाखवली. पाचवे वाचताना त्यांचा आवाज खाली गेला. मी म्हटले, नीट ऐकू येईल असे वाचा. वाचून झाल्यावर हद्दूने सही कुठे करायची ते विचारले आणि केली. मग उठला आणि गोठ्यात गेला. आम्हाला वाटले, निघाला. तो दावणीचा शेवटचा बैल सोडून अंगणात घेऊन आला.

साक्षीला बसलेले दोघे शेजारी, मोहंद आणि हम्मादी, बाहेर येऊन उभे राहिले. हद्दू बैलाभोवती एकदा फिरला. कमरेवर हात ठेवला, मानेखाली हात घातला आणि त्याने एक वजन सांगितले. मग बैल काट्यावर चढवला. काटा हलला, थरथरला आणि तो बोलला होता तिथे येऊन थांबला.

मोहंद म्हणाला, "डोळा आहे बाबा तुझा."

हद्दू त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "त्या मंगळवारीही होता. आई, तुझ्या चिठ्ठीवरचं वजन बरोबर होतं. मला बघताक्षणीच कळलं होतं." मग सी लार्बींना म्हणाला, "हे लिहा. माझ्या नावानं लिहा. काटा खरा आहे."

सी लार्बी म्हणाले, हाज कद्दूरच्या कानावर जाईल. हद्दू म्हणाला, जाऊ दे.

मी छपरीच्या खांबाला धरून उभी होते. रकिया मला आत नेऊ पाहत होती. तीन वर्षे मला एक आशा होती, ती आता लिहून ठेवते: माझ्या पोराला जनावर पारखता येत नसेल, तो चुकला असेल. ती आज गेली.

सी लार्बींनी विचारले, "मुलाला माफ केलं असं लिहू का?"

मी म्हटले, "ते मला अजून माहीत नाही. खोटं नका लिहू. तो आला, खरं बोलला, आणि बैल त्यानं परत दावणीला बांधून पाणी दाखवलं, एवढं लिहा."

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. हे मला वाचून दाखवले, मी ऐकले, आणि साक्षीदारांसमोर अंगठा उठवला.

स्थळ : आइत बूमझिल, तूदा बिन्त आक्का हिचे अंगण
दिनांक : गुरुवार, १४ मार्च २०१९, रजब महिना

तूदा बिन्त आक्का (डाव्या हाताचा अंगठा)

संमती देणारे वारस :
रकिया बिन्त बेन्नासर (सही)
हद्दू बेन बेन्नासर (सही, "काटा खरा आहे" हे शब्द त्याने सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिले आहेत)

साक्षीदार :
मोहंद ऊ बासू, गुरे पाळणारा (सही)
हम्मादी बेन इद्दर, गुरे पाळणारा (सही, सही करून हा घरी गेला आणि आपला गोऱ्हा तोलायला घेऊन आला, म्हणून कागद बंद करायला उशीर झाला)

लेखनिक : सी लार्बी