आतून लिंपलेलं पेव

३ मार्च
धर्मापुरीच्या शिवारात आले. लेक सुग्रीव इथल्या खोदकामावर मुकादम हाय, गड्यांच्या सैपाकाला मला बोलावलं. तंबू मोठा, चूल झकास पेटते. गडी खायला पुढं, कामाला मागं. करमंल.

५ मार्च
पेव सापडलं. धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, तोंडावर शिळा. खोदकामाचे रविराज साहेब म्हणाले, लई जुनं गाव, एका दिसात जळून राख झालं. शिळेचा कोपरा फुटलाय, तिथून दिसतंय, आतल्या अंगाला चिखल लिंपलाय, बोटंबी उमटलीत. म्हंजी माणसं आत बसली आन् आतूनच तोंड बुजवलं. मी म्हणलं, बसली तशी मेली. हाडं काढा, उरका.

७ मार्च
शिळा सरकवली. जुनं पेव उघडलं की पयला घास त्याला. टोपलीत भाकर ठेवून दोरीनं सोडली. वर ओढली तर भाकर न्हाई, मूठभर काळं धान्य. सुग्रीव म्हणला, माय, उंदरं शेजारधर्म पाळाया लागली. मी हसले न्हाई. शेजारणीकडून भांडं भरून आलं की रिकामं धाडू नये. आणिक दोन भाकरी सोडल्या.

९ मार्च
आज टोपलीत शंखाची बांगडी आली. ऊन लागत होती, आत्ताच कुणी हातातून काढल्यावानी. साहेब परळीला गेलेत. सुग्रीवला म्हणलं, ते येस्तवर उतरू नको. म्हणतो, भाकरी तू वाढायच्या आन् भ्यायचं मी?

१० मार्च, दुपार
उतरला. शिडी खाली खेचली गेली. गडी पळाले, मुडदे कुठले.
सुग्रीव खालून सांगतोय — लई माणसं हायत. डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. मारीत न्हाईत, कुरवाळत्यात. वर अजून आग पडतीय असं हातांनी दाखवत्यात. म्हणून सोडीत न्हाईत. माय, तू येऊ नको म्हणतोय.
माझ्या भाकरीनंच त्यांना कळलं, वर कुणी तरी उरलंय. उरलेल्याला आत घेत्यात —

दोर सोडला. त्यानं धरला. मी वर ओढते, ते खाली —

ओल्या चिखलाचा वास. आतून लिंपायला लागलेत. कुदळ घातली, फट पडली —

फटीतून माझं डावं मनगट धरलंय. हात ऊबदार. दुसरा हात माझा पदर डोक्यावर ओढतोय, लेकराला उन्हातून न्यावं तसा —
साहेब, इथं घास टाकू नका. त्यांना वाटतं —

सुग्रीव हाका मारतोय. रडायचा थांबलाय. माय, लवकर ये म्हणतोय, वर लई जाळ —